डेनिससाठी मागताना तोंडात आलेलं नाव

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. आधीच सांगते, मी रोज प्रार्थना करणारी बाई आहे, पण चमत्कार-बिमत्कार या प्रकरणांपासून चार हात लांब. चर्चमध्ये कुणी "मला आवाज ऐकू आला" असं सांगायला लागलं की मी हळूच बाहेर सटकते. त्यामुळे हे माझ्याच बाबतीत का व्हावं... असो.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी ख्रिस्ती. माहेर मनोरीचं, सासर अंधेरीला मरोळ गावठाणात. माझा धाकटा भाऊ डेनिस मनोरीच्या घरी एकटाच राहतो. त्याची बायको ग्रेटा कॅन्सरने गेली. ती आजारी होती तेव्हा अख्खं गाव तिच्यासाठी गुडघ्यावर होतं, आणि डेनिस सगळ्यांत पुढे. तिची माती झाली आणि थोड्याच दिवसांत तो घरातला येशूचा फोटो चादरीत गुंडाळून माझ्या दारात हजर.

"बाय, हा तू ठेव. मला नको." आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात.

"अरे, असं नको करू. मी प्रार्थना करते ना तुझ्यासाठी."

"करायचीच असेल तर एवढंच माग, की त्याने माझ्याशी बोलू नये. मीपण त्याच्याशी बोलत नाही."

त्यानंतर नाताळ नाही, ईस्टर नाही. फादर भेटायला गेले तर त्यांना चहा पाजला, क्रिकेटवर गप्पा मारल्या, आणि देवाचा विषय निघाला तसा उठून झाडांना पाणी घालायला गेला. मी समजावलं, भांडले, रडले. मग हातात उरली फक्त रोझरी, आमची जपमाळ. दुपारची जेवणं आटपली की बसायचं आणि शेवटी म्हणायचं, "प्रभू, डेनिसला धरून ठेव." वर्षानुवर्षं हेच.

त्या रविवारीही तशीच बसले होते. माझा नवरा रिची समोर पेपर वाचत होता. मी म्हणाले, "प्रभू, शालनला धरून ठेव."

शालन? मी थांबले. पुन्हा म्हटलं... पुन्हा शालन! डेनिस म्हणायला जायचं आणि जिभेवर शालन यायचं. माझ्या ओळखीत या नावाची एकही बाई नाही, नात्यात नाही, बिल्डिंगमध्ये नाही.

रिचीने पेपर खाली केला. "शालन कोण गं?"

"मला काय माहीत! मला डेनिस म्हणायचंय." बघा, त्याच्याशी बोलताना डेनिस नीट आलं. डोळे मिटले की शालन. रिची घाबरला, त्याला वाटलं स्ट्रोक. मला हसायला लावलं, हात वर करायला लावले. सगळं ठीक. मग मीच हट्ट सोडला आणि म्हटलं, बरं बाबा, शालनला धरून ठेव. आणि का कुणास ठाऊक, रडायला आलं.

थोड्या वेळाने डेनिसचा फोन. हा स्वतःहून कधी फोन करत नाही. "बाय, मालाडला क्लिनिकमध्ये आहे. खांदा निखळलाय. घाबरू नको, पण ये."

आम्ही रिक्षा करून पोचलो. डेनिस आत होता. बाहेर बाकावर एक म्हातारी कोळीण बसलेली, ओलीचिंब, अंगावर कुणाचा तरी टॉवेल. तेवढ्यात नर्सने दारातून हाक मारली, "शालनबाई कोण?"

म्हातारी उठली. रिचीने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिथल्या तिथे खुर्ची शोधली.

बाई वर्सोव्याची, लेकीकडे गोराईला निघालेली. मार्वेच्या धक्क्यावर मनोरीच्या फेरीबोटीत चढताना शेवाळावरून पाय घसरला आणि ती बोट नि पायऱ्यांच्या मधल्या फटीत गेली. मागे उभ्या असलेल्या डेनिसने तिचं मनगट पकडलं. "तुजा भाव काय तो?" ती मला म्हणाली. "खांदा गेला त्याचा, तरी सोडला नाय गो मला."

वेळ विचारली. माझ्या रोझरीचीच वेळ.

मी डेनिसला सगळं सांगितलं. खरं सांगते, मला वाटलं होतं, आता याचा बांध फुटेल. त्याने गळ्यात अडकवलेल्या हाताची पट्टी नीट केली.

मग म्हणाला, "म्हणजे शालन दिसली त्याला. ग्रेटा नाही दिसली?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने तो बाजूला सारला.

"आणि मागत होतीस माझ्यासाठी ना, बाय? माझं नावसुद्धा नाही येऊ दिलं त्याने."

त्याला घरी सोडून आम्ही परतलो. वाटेत रिची म्हणत होता, कुठेतरी कानावर पडलं असेल नाव, योगायोग असतो गं. असेलही. मला तरी आजपर्यंत उलगडा झालेला नाही.

डेनिसचा खांदा बरा झाला. चर्चमध्ये तो आजही येत नाही. मी रोज बसते. आता जीभ अजिबात अडखळत नाही, डेनिसचं नाव अगदी स्पष्ट येतं... आणि काहीच होत नाही.