पिसांवरचं पंचामृत

ताम्हण घासून झालं होतं, समई अर्धी झाली होती आणि निरांजनं, घंटा, पळी-पंचपात्र अजून चिंचेच्या कोळात पडायची होती, तेवढ्यात गाडी दारात येऊन थांबली. श्यामलाने हात तसेच ठेवून कान दिला. इंजिन बंद झालं. आता डिकी उघडल्याचा आवाज यायला हवा होता. शिकार मिळाली की हरीश आधी डिकी उघडायचा, रिकामा आला तर बाहेरूनच "चहा टाक गं!" म्हणून ओरडायचा. आज यातलं काहीच झालं नाही.

बारा वर्षांची मुग्धा टीव्ही सोडून खिडकीशी धावली. "डॅड गॉट वन?"

"मराठीत विचार. नाहीतर विचारूच नकोस. बाबांना जरा बसू दे."

हरीश मागच्या पायरीवर बसला होता. बुटांना चिखल, विजारीचे गुडघे फाटलेले, एका गालावर वेलीचा ओरखडा. धनुष्य आणि भाता त्याने दाराशी टेकवून ठेवला होता. भात्यात सकाळी चार बाण होते. आता तीन होते.

"लागला," तो म्हणाला. "पण जनावर पडलं नाही."

 श्यामलाच्या सासर-माहेरच्या माणसांत घरात शिकारी असणारी ती एकटीच. तिने आयुष्यात अंडंही फोडलं नव्हतं. पण या शब्दांचा अर्थ तिला नीट कळत होता.

एक्क्याण्णव साली ही मंडळी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या टौरंगाला आली. हरीश फार्मसिस्ट, पण इथली परीक्षा पुन्हा देईपर्यंत दोन हंगाम त्याने किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये पेट्या उचलल्या. तिथला मुकादम विरेमू हा साठीचा माओरी माणूस. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्यानेच हरीशला पहिल्यांदा कैमाईच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला नेलं. हरीशच्या घरात मटण खाणं होतंच, त्यामुळे त्याला अवघड गेलं नाही. श्यामलाने तवा वेगळा केला, पातेलं वेगळं केलं, आणि मांस ठेवायला गॅरेजमध्ये जुना फ्रीजर आणवला. "तिकडं तुमचं राज्य, इकडं माझ्या देवाचं," एवढं बोलून विषय मिटवला.

पहिलं धनुष्य होतं कंपाउंड. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये तारा, नेम धरायला रंगीत खुणा. ओढायला जड, पण मागे एका जागी आलं की चाकंच भार पेलतात. मग माणूस निवांत नेम धरू शकतो. हरीश त्यावर लवकर तयार झाला. इतका, की चाळीस पावलांवरून बाण सोडायला लागला. दोन वर्षांपूर्वी असाच एक सोडला. बाण निघाला आणि त्याच क्षणी मादीने पाऊल पुढे टाकलं. ती सापडली तिसऱ्या दिवशी, माश्यांच्या आवाजावरून. त्या रात्री जेवण पुढ्यात तसंच टाकून तो म्हणाला होता, "यंत्राने लांबचं जवळ आणलं गं. माझी अक्कल होती तिथेच राहिली."

महिन्याभरात कंपाउंड विकून टाकलं. विरेमूने आपलं जुनं लाकडी धनुष्य त्याच्या हातात ठेवलं. चाकं नाहीत, खुणा नाहीत. सगळा भार तीन बोटांवर आणि खांद्यावर. अट एकच: पंधरा पावलांच्या आत आल्याशिवाय सोडायचं नाही.

"सायकल विकून अनवाणी चालायला निघालात," श्यामलाने टोमणा मारला होता.

"अनवाणी चालणारा खाली बघून चालतो," हरीश म्हणाला.

वर्षभर तो परसात गवताच्या गठ्ठ्यावर सराव करत राहिला. वाळत घातलेल्या दोन चादरींना भोकं पडली, तिसरीला पडल्यावर श्यामलाने दोरीच हलवली. उजवा खांदा इतका दुखायचा की सकाळी शर्ट घालायला तिला मदत करावी लागे. बाणही तो स्वतःच करू लागला. देवदाराची काठी, आणि मागे टर्कीची तीन पिसं डिंकाने चिकटवलेली. पहिल्या बाणांना प्लास्टिकचे पंख होते. या लाकडी धनुष्यावर ते चालत नव्हते. "हा बाण माझ्या मुठीवरून घासत जातो," त्याने मुग्धाला दाखवलं होतं. "पीस मऊ असतं, दबतं आणि निघून जातं. ताठ असलं की बाणाला धक्का बसतो."

"कूल," मुग्धा म्हणाली होती. श्यामला तेव्हा शेजारीच भाजी निवडत होती. तिने ऐकलं होतं. पण ऐकणं निराळं आणि लक्षात राहणं निराळं.

आणि याच दाराशी, नारळ हातात घेऊन, हरीशने देवाला शब्द दिला होता: या धनुष्याने जर एकही जनावर जखमी होऊन रानात राहिलं, तर धनुष्य शेगडीत घालीन, पुन्हा हात लावणार नाही. विरेमूला सांगितलं तेव्हा तो म्हातारा म्हणाला, "लाकडाचा काय दोष?"

"कुठे लागला?" श्यामलाने आता विचारलं.

"पोटात." हरीशने स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला. "बारा पावलांवर होतं. कोवळ्या शिंगांचा नर. ओढ्याकाठी चरत चरत माझ्याकडेच आला. याहून चांगली संधी जन्मात मिळत नाही. आणि बाण वीतभर मागे गेला." तो थांबला. "पोटात लागलं की लगेच मरत नाही. दिवस काढतं, कधी दोन. लगेच मागे लागलं तर आणखी लांब पळतं, म्हणून दोन तास बसून राहिलो, मग रक्तावरून गेलो. काळपट, घाण वास येणारं. ओढा ओलांडल्यावर पाऊस आला आणि सगळं धुऊन गेलं. अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर फिरलो."

"उद्या?"

"विरेमू येतोय. पहाटे पाचला." त्याने बूट काढले, पण ते तसेच हातात धरून बसला. "सापडलं तर सापडलं. नाहीतर शेगडी आहेच."

तो न्हाणीघरात गेला. श्यामला हात पुसून धनुष्य आणि भाता उचलून देवघरापाशी घेऊन आली. सवयीनेच. काल खंडेनवमी; कालच तिने इथे शस्त्रपूजा केली होती. पुजलेलं शस्त्र दसऱ्याआधी हलवायचं नाही, म्हणून रात्रभर भाता इथेच उभा होता, आणि दसऱ्याच्या पहाटे चारला हरीश "चला, सीमोल्लंघन!" म्हणत तो खांद्याला लावून गेला होता. धनुष्यावरच्या झेंडूच्या पाकळ्या अजून दोरीला चिकटून होत्या. निर्माल्य काढून ठेवावं म्हणून तिने एक बाण वर ओढला.

पिसं ताठ होती.

तिने बोट लावलं. तीनही पिसं चिकटून, वाळून, एका अंगाला वाकडी झाली होती. कडेला साखरेचे बारीक कण. दुसरा बाण काढला, तिसरा काढला. तिसऱ्यावर मधात अडकलेली मुंगी होती.

दरवर्षी ती तेच करत आली होती. हळद, कुंकू, अक्षता, आणि फुलाने पंचामृताचे थेंब. प्लास्टिकच्या पंखांवरून ते ओल्या फडक्याने पुसलं जाई. पिसांचे बाण पुजायची ही पहिलीच खेप होती. काल भाता उभा होता, पिसं वर. तिने वरून शिंपडलं होतं, मनोभावे, जास्तच. खांदेदुखीला उतार पडू दे आणि कुणाचे हाल होऊ नयेत, असं मागणंही त्याच वेळी मागितलं होतं. रात्रभर दूध, मध आणि साखर पिसांवर वाळत बसली.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. ती देवासमोर बसली, पण हात जोडले गेले नाहीत. नाही सांगितलं तर काय होईल, हा विचार तिच्या मनात आला. धनुष्य जळेल. शिकार कायमची बंद होईल. गॅरेजमधला फ्रीजर जाईल. किती वर्षं हेच हवं होतं तिला! आणि तिकडे तो माणूस जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत फार्मसीत औषधाच्या गोळ्या मोजत राहील.

हरीश टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा तीन बाण तिच्या मांडीवर होते.

"अहो, तुमचा हात चुकला नाही. हे बघा. मी पंचामृत शिंपडलं होतं."

त्याने बाण घेतले नाहीत. उभाच राहिला. "मला माहितीय," तो हळू म्हणाला.

"कधी कळलं?"

"बाण दोरीला लावताना. पिसं बोटांना टोचली. क्षणभर वाटलं, राहू दे, आज नको. वाकडं पीस घेऊन सोडायचं नसतं, हे मला कळतं. पण ते बारा पावलांवर उभं होतं, श्यामला. वर्षभर मी त्या बारा पावलांसाठी खांदा झिजवला." तो भिंतीला टेकून खाली बसला. "तुझा थेंब होता. सोडणारा मीच."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे लागला. का लागला, हे विचारलं नाहीस."

मुग्धा दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. "सो इट्स स्टिल आउट देअर?" तिने विचारलं. "राइट नाऊ?"

 बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

श्यामलाने बाण बाजूला ठेवले. "उद्या मी येते," ती म्हणाली. "दोघांपेक्षा तिघांचे डोळे बरे. मुग्धाला शेजारच्या सुलेखाताईंकडे सोडू."

"तुला नाही बघवणार. जिवंत सापडलं तर सुरी चालवावी लागेल."

"सुरी तुम्ही चालवा. मी देवघरातला गंगेचा गडू घेते, तोंडात पाणी घालायला. आत्तापर्यंत फोडला नव्हता." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त ती त्याच्याकडे बघत नव्हती. "आणि धनुष्याचं नंतर ठरवू. आधी ते सापडू दे. टॉर्च लागतो का तुमचा?"

हरीशने कोपऱ्यातला टॉर्च उचलून बटण दाबलं. पिवळट उजेड पडला आणि विझला.

समई अर्धीच घासलेली तशीच राहिली. श्यामलाने चिंचेचे हात धुतले, रेनकोट चढवला, आणि दहाला बंद व्हायच्या आत टॉर्चचे चार सेल आणायला, इथे डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात निघाली.