पंच: आमच्या सासूबाई

मी आयुष्यात एकच कोर्टकज्जा केला आणि तो सख्ख्या साळ्यावर केला.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. साळा मधुकर आणि मी, दोघांनी भागीदारीत चाकांची चहाची टपरी काढली. मी एका ठेकेदाराकडे कारकून. 'मालक' अशी हाक मला तेवढ्या टपरीवरच ऐकू यायची आणि ती फार गोड लागायची! ठेकेदाराच्या करारनाम्यातलं एक कलम मला भारी आवडायचं: भांडण झालं तर आधी पंचाकडे जायचं. तेच मी आमच्या करारात उतरवलं. (चहाच्या टपरीला करारनामा! हौसेला मोल नसतं.)

"पंच कोन?" मधुकरने विचारलं.

"आईचं नाव टाका," बायको म्हणाली. "खुश होईन ते."

मीही मनात खुश झालो. सासू कधी जावयाविरुद्ध निवाडा देते का?

पुढे भांडण झालंच. मला टपरी कारखान्याच्या गेटवरच हवी, मधुकरला सेक्टर १० च्या क्वार्टरांपाशी. एका सकाळी पाहतो तर टपरी गायब! पठ्ठ्याने ढकलत नेली, उकळत्या चहासकट! मी तडक दुर्गच्या कोर्टात जाऊन दावा ठोकला. रागाच्या भरात ते कलम साफ विसरलो.

मधुकरच्या वकिलाने उत्तर-बित्तर काही दिलं नाही. पहिल्याच तारखेला करारनामा पुढे सरकवला.

"यह किसने लिखा?" जजसाहेबांनी विचारलं.

"मैंने, हुजूर!" (छाती फुगवून.)

"बढ़िया लिखा है. तो पहले पंच के पास जाइए. मुकदमा तब तक रुका रहेगा."

सासूबाई डोक्यावर पदर घेऊन बाजेवर बसल्या. "मी घरात असताना कोर्टात काहून गेले, जावईबापू?"

मी मान खाली घातली. "यानं टपरी नेली जी. मले वापस पायजे."

"तुमाले? रस्त्यावर चहा विकाले?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आमचा जावई लोकायचे कप विसळून राहिला, हे पाहाले मी जिवंत आहो काय? टपरी मधुकरची! तुमचा वाटा तो घरी पोचवन. तुमी नुसतं बसाचं आन चहा प्याचा!"

एवढ्या मानाने कोणी हरलं नसेल! दुसऱ्या दिवसापासून मी बाकावर बसू लागलो. एक नवं गिऱ्हाईक आलं. "काहो, मालक तुमीच काय?"

मधुकर कप विसळता विसळता थांबला. मी चहाचा घोट घेतला.

"नाही जी. मी जावई आहो."