नवरदेवाआड गेलेली नवरी

“आता त्यात काय बिघडलं वं मंजिरी? अर्धी त दिसून राहिली ना तू!”

“मावशी, मैं दुल्हन हूँ कि पड़ोसन? झाँक क्यों रही हूँ?” हातातली पत्रिका नाचवत भाची तडकली. “माझा एक डोळा कुठंय? हार कुठंय? ठीक नहीं हुआ तो मैं मोबाइलवाला कार्ड भेज दूँगी.”

प्रेमलामावशीनं पत्रिका तिच्या हातून ओढून घेतली. मंजिरीच्या लग्नाची एकूणएक पत्रिका आपण हातानं छापणार, अशी दवंडी तिनं साऱ्या गोतात पिटून ठेवली होती. आता मोबाइलवर पत्रिका गेली, तर रायपूरपासून वरोऱ्यापर्यंत तिचं नाक जाग्यावर राहिलं नसतं.

रायपूरच्या तेलीबांध्यातल्या फ्लॅटात जेवणाच्या टेबलावर तिचा कारखाना. त्यापायी तिचा नवरा शालिग्राम, रेल्वेतला रिटायर गार्ड, पलंगावर ताट घेऊन बसायला शिकला. ठप्पे तिनं पंडरी बाजारातल्या शिक्केवाल्याकडून बनवून घेतलेले: एक फेटेवाला नवरदेव, एक मुंडावळ्यांची नवरी. जोडी खेटून उभी दाखवायची, पण शाईवर शाई चढू द्यायची नाही, त्याची युक्ती सोपी. आधी पुढचं माणूस छापायचं. तोच ठप्पा पिवळ्या चिकट कागदावर मारून, रेघेरेघेनं कातरून, तो तुकडा छापलेल्या माणसाच्या अंगावर बसवायचा. मग मागचं माणूस बिनधास्त ठोकायचं. तुकडा उचलला की दुसरं आपोआप पहिल्याच्या मागं. अंतरपाटच म्हणा, फक्त मंगलाष्टकांचा कलकलाट नाही.

युक्तीत खोट नव्हती. घोळ प्रेमलाच्या हाताचा. वरोऱ्याच्या घरी जन्मभर आधी गड्यांची पंगत उठवली, मग बाया बसल्या. हाताला तेच वळण. त्यानं इथंही आधी नवरदेवच वाढला. या कामात ज्याला आधी वाढाल तोच पुढं उभा राहतो. साऱ्या गठ्ठ्यात नवरीचं अर्धं तोंड पिवळ्या कागदावर गेलं अन् कागदासंगं कचऱ्यात.

“मले विचारलं असतं त,” शालिग्राम पलंगावरून बोलला, “सिग्नल कोणाले आधी द्या लागते, सांगितलं असतं.”

“तुम्ही चूप बसा जी. जलमभर झेंडी हलवली, पण घरातला एक डबा जागचा हलवला नाही.”

तिनं कोरं कार्ड ओढलं. आधी नवरी, तिच्यावर कागद, मागून नवरदेव. कागद उचलला. मंजिरीची कळी खुलली. “हव, अब ठीक है.”

तेवढ्यात नवरदेवाची आई मंदाकिनी बीरगांवहून पत्रिका पाहायला हजर. नवा नमुना तिनं जवळ धरला, लांब धरला.

“आमच्या पोट्ट्याचा फेटाच तेवढा दिसते, विहीणबाई. लग्न कोणाचं हाय, फेट्याचं?”

मंजिरीनं मोबाइल काढला. प्रेमलानं तो तिच्या हातून घेऊन टेबलावर पालथा घातला, अन् रद्दीत काढलेला जुना गठ्ठा मंदाकिनीपुढं सरकवला.

“हे घ्या. तुमच्या पाहुण्यायले तुमचा पोट्टा पुढं. आमच्या पाहुण्यायले आमची पोट्टी पुढं. कोण कोणाच्या मागं लपते, ते लग्नानंतर पाहू.”

मंदाकिनीनं वरची पत्रिका निरखली. नवरदेव आख्खा होता, मिशीसकट. “नाक बापावर गेलं,” म्हणाली, अन् गठ्ठा पिशवीत कोंबला.

मंजिरी तोंड उघडणार, तोच मावशीनं मोबाइल तिच्या हाती दिला. “जाय आता. माहं काम पडलं हाय.”

“जेवाले वाढतं का वं?” पलंगावरून आवाज आला.

“माहे हात शाईचे हायेत. कढई गॅसवर हाय, घ्या वाढून.”

पिवळ्या कागदावर नवरी ठोकून प्रेमलानं कातर उचलली.