खवल्यावरची वर्षं

ट्राउटकाकू बोलता बोलता ओढ्यावर जात. म्हणजे देह भोपाळला बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात असे, हातात उलथनं असे, समोर तवा तापलेला असे, आणि नजर मात्र खिडकीबाहेरच्या पेरूच्याही पलीकडे, कुठेतरी फार लांब आणि फार गार जागी लागलेली असे. कारखान्याचा भोंगा वाजला तरी त्यांच्यापर्यंत पोचत नसे. "ही ओढ्यावर गेली," असं काका मग माझ्याकडे बघून हळूच म्हणत आणि उठून गॅस बंद करत. त्या घरात जितक्या वेळा दूध उतू गेलं तितकं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

ओढा खरा होता. लग्नाआधी काकू हिमाचलमध्ये तीन वर्षं राहून ट्राउट माशांवर पीएच.डी. करत होत्या. ट्राउट हा गार, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. अंगावर तांबडे-काळे ठिपके, आणि स्वभाव असा की पाणी जरा कोमट झालं तर जिवाला लावून घेतो. काकूंचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. तेवढ्यात लग्न ठरलं, नवरा भोपाळच्या कारखान्यात डिझाइन विभागात इंजिनियर, आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. ही हकिकत टाउनशिपमधल्या यच्चयावत मराठी घरांना पाठ होती. "हुशार हो, पण लग्नामुळे राहिलं बिचारीचं," असं कोणी म्हणालं की काका चपलेकडे बघत बसत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका हळदीकुंकवाला. आम्ही राहायचो टाउनशिपशेजारच्या इंद्रपुरीत. वडील सरकारी कचेरीत, मूळचे इंदूरचे, त्यामुळे आमची मराठी म्हणजे अर्धी हिंदी. मी तेव्हा नर्मदेतल्या महाशीर माशावर पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि आईनं ते कौतुकानं चार बायकांत सांगितलं. बायकांनी नाकाला पदर लावले. एकीनं तर "हात साबणानं धुतेस ना गं?" असंही विचारलं. कोपऱ्यातून मात्र एक बारीक आवाज आला, "वय कशावरून काढतेस?" मी म्हटलं, खवल्यावरून. त्या उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हातातलं वाण तसंच विसरून दोन तास बोलत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "स्लाइडा घेऊन घरी ये. माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे. ह्यांनी घेऊन दिलाय." मी "आती हूँ" म्हणून मोकळी झाले, मग जीभ चावून "येते" म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं भाषेकडे लक्षच नव्हतं.

माशाचा खवला माशाबरोबर वाढतो, आणि वाढताना स्वतःवर बारीक रेघा आखत जातो. खायला भरपूर असेल तेव्हा रेघा ऐसपैस. थंडीत वाढ मंदावली की त्या दाटीवाटीनं. अशा दाटीचं एक वर्तुळ म्हणजे एक हिवाळा, म्हणजेच एक वर्ष. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. काकू मात्र एखादं जुनं पत्र वाचावं तसा खवला वाचत. डोळा भिंगाला लावून पुटपुटत, "इथे चांगलं खाल्लंय. इथे आजारी होता. इथे अंडी घातली हिनं, बघ कशी झिजलीय कड." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मासा कधी वय चोरत नाही गं, वाचणारा चुकतो." मला तेव्हा ते शिक्षकी थाटाचं वाटे.

महाशीरचा खवला मोठा असतो. मोठ्या माशाचा तर तळहातात मावत नाही. एकदा मी धुतलेले खवले काकूंच्या मागच्या अंगणात पेपरवर वाळत घातले होते, शेजारीच काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्या होत्या. पलीकडच्या क्वार्टरमधल्या मिश्राइन कुंपणावरून वाकली, लसूणसुद्धा न खाणारी ती बाई, आणि तिनं एक खवला उचलून उजेडात धरला. "भाभीजी, कितनी महीन बेली है," ती म्हणाली, "आर-पार दिखता है. ज़रा विधि बताइए." काकू अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "इसमें चार-पाँच साल लगते हैं, बहनजी." मिश्राइननं खवला हलकेच परत ठेवला आणि साबुदाण्याच्या दोन पापड्या मागून नेल्या.

रविवारी काका त्यांना स्कूटरवरून पाण्याकाठी नेत. न चुकता, ऊन असो की थंडी. कधी केरवा धरणावर, कधी मिसरोद ओलांडून बेतवा नदीकडे. दोनदा मीही वडिलांच्या स्कूटरवर त्यांच्यामागून गेले होते. काकू काठावर बसत, हात मनगटापर्यंत पाण्यात सोडत, डोळे मिटत, आणि बऱ्याच वेळानं म्हणत, "छान आहे. पण जरा गार हवं होतं." काका लगेच अपराध्यासारखे होत, जणू पाणी त्यांनीच तापवलं होतं. मग थर्मासमधला चहा ओतताना ते माझ्याकडे बघून म्हणत, "तिचं पाणी मी तिला नाही देऊ शकलो." मला दोघांचाही फार लोभ वाटे. दुपार पाण्यावर अशी पसरून पडलेली असे की घरी जायचं आहे हेच आठवत नसे.

हे असं तीन वर्षं चाललं. माझा प्रबंध पुरा झाला, टंकलेखकाकडून आला, बांधायचा तेवढा राहिला. सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्राची एक जागा निघाली होती. मुलाखतीआधी प्रबंध विद्यापीठात दाखल झालेला हवा, अशी अट होती, आणि हातात बारा दिवस होते. वडील त्याच वर्षी रिटायर होणार होते. धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. ही जागा मला मिळायलाच हवी होती. काकू म्हणाल्या, "बांधायच्या आधी एकदा स्लाइडा बघू दे. हौस म्हणून." मी डबा नेऊन दिला आणि दोन दिवसांनी दुपारी तो परत आणायला गेले.

काकू मायक्रोस्कोपपाशीच होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तुझ्या नदीत काय झालं होतं?"

"का?"

"तुझ्या माशांच्या अंगावर त्या जागी एक दाट रेघ आहे. मोठ्यांच्याही आणि लहानांच्याही. जे तेव्हा जन्मलेच नव्हते त्यांच्यावर नाही. तू तिला हिवाळा धरलंस. मला ती उपासाची वाटते."

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. नर्मदेकाठच्या बुधनीच्या घाटावरचे केवटदादा, जे मला मासे आणून देत, त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "बिटिया, उस साल पानी महीना भर लेट आया. दहार सूख के गड्ढा हो गई थी. मछली भी भूखी, हम भी भूखे." दहार म्हणजे नदीतला खोल डोह. मी ते ऐकलं होतं, हळहळले होते, आणि वहीत लिहिलं नव्हतं. रेघ उपासाची असेल तर माझ्या निम्म्याअधिक माशांचं वय एका वर्षानं जास्त धरलं गेलं होतं. म्हणजे वाढीचे तक्ते चूक, म्हणजे प्रबंधाचं अर्धं पोट चूक.

मी मुळात तापट. मी म्हटलं, "परीक्षकांना ते दिसणार नाही."

"नाही दिसणार," काकू शांतपणे म्हणाल्या.

"मग राहू दे ना. पुन्हा मोजायला वर्ष जाईल, काकू. मला नोकरी पाहिजे. तुम्ही लग्न झालं म्हणून सोडून दिलंत, तुमचं निभलं. माझं नाही निभणार."

वाक्य तोंडातून गेलं आणि दारात काका दिसले, हातात चहाचा ट्रे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण काका रागावले नाहीत. ट्रे टेबलावर ठेवून ते माझी बाजू घेत म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. एकीचं माझ्यामुळे राहिलं, तेवढं पुरे. तू दाखल करून टाक, बेटा. हिचं ऐकू नकोस."

काकूंनी भिंगावरून डोळा काढला. त्या ओढ्यावर गेलेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं इथे असलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्यामुळे नाही राहिलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडे नाही, टेबलाकडे बघत. ओढ्याच्या वर एका उन्हाळ्यात दरड कोसळली होती. पाणी कित्येक आठवडे गढूळ राहिलं, माशांनी खाल्लं नाही, वाढ थांबली, आणि खवल्यांवर एक रेघ उमटली. काकूंनी ती हिवाळा म्हणून मोजली. प्रबंध लिहून होत आला असताना एक मासा जाळ्यात आला, ज्याचा पोहण्याचा एक पर त्यांनी स्वतः तो बोटाएवढा असताना खूण म्हणून कातरला होता. त्याचं वय त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्या खवल्यावर एक वर्ष जास्त होतं. गाइड म्हणाले, कोणाला कळणार आहे, देऊन टाक. काकूंनी प्रबंध दिला नाही, खवल्यांची पाकिटं ट्रंकेत भरली आणि घरी परत आल्या. लग्न ठरलं त्यानंतर दोन महिन्यांनी.

"सगळे म्हणायला लागले, लग्नामुळे राहिलं," त्या म्हणाल्या. "ते लोकांना पटकन कळायचं. खरं सांगायचं तर ती रेघ दाखवावी लागली असती, आणि मला ती बघवत नव्हती."

"सव्वीस वर्षं," काका म्हणाले. एवढंच. मग ते मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून पेरूला पाणी घालत राहिले. आळं भरून पाणी वाहून जायला लागलं तरी नळ बंद झाला नाही.

काकूंनी माझ्या स्लाइडा एकेक करून डब्यात लावल्या. "माझं सांगून झालं," त्या म्हणाल्या. "आता तुझं तू बघ." मी डबा घेऊन बाहेर पडले. बस सोडून इंद्रपुरीपर्यंत पायी गेले, आणि वाटेत मला राग येत होता तो फक्त त्यांचा. घरी पोचेपर्यंत मात्र मी ठरवून टाकलं होतं. मी प्रबंध दाखल केला नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुन्हा मोजायला दहा महिने लागले.

त्या दहा महिन्यांत मी काकूंच्या घरी गेले नाही. मला वाटे, माझ्या एका वाक्यानं मी त्यांचा संसार उसवला. रविवारी स्कूटर कव्हर घालून उभी असते, असं आईनं कोणाकडून तरी ऐकलं होतं. प्रबंध दाखल झाला त्या दिवशी पेढे घेऊन मी धीर करून गेले. दार उघडंच होतं. आत ट्रंक उघडी होती, काकूंचा डोळा भिंगाला होता, आणि काका समोर रुळानं रेघा आखलेली वही घेऊन बसले होते, डिझाइन विभागातल्या त्या कोरल्यासारख्या अक्षरात आकडे लिहीत. दोघांनीही वर पाहिलं नाही. "बस गं," काकू म्हणाल्या, "एवढा एक मासा होऊ दे." मला रडू आलं. पेढ्यांचा खोका मांडीवर धरून मी तशीच बसून राहिले.

निघताना काका फाटकापर्यंत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "अगं, मी तिला फिरवायचो ते भरपाई म्हणून, आणि ती यायची ते मला बरं वाटावं म्हणून. पाणी बघायचं राहूनच जायचं." मग जरा थांबून म्हणाले, "मी रागावलो होतो. खूप रागावलो होतो. पण तिला ती वयं चुकीची राहिलेली चालत नव्हती, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच वर्षी वही आणली असती."

दोन वर्षांनी काका रिटायर झाले आणि ती दोघं पुण्याला मुलाजवळ गेली. मोजणी अर्धीही झाली नव्हती. सामानाच्या ट्रकमध्ये ट्रंक सगळ्यात शेवटी चढली, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. मी विचारलं, "काकू, पुरं झालं की प्रबंध देणार?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "आता कोणाला देऊ?" त्या म्हणाल्या. "गाइड नाहीत. ते मासे तर कधीच गेले. पण गेले तरी त्यांचं वय आपण चुकीचं का ठेवायचं?" पुढे मलाही कॉलेज मिळालं, भोपाळातच, आणि माझे विद्यार्थी मला घाईत काही दाखवायला आले की मी आधी विचारते, त्या वर्षी पाणी कसं होतं? मुलं कंटाळतात. "मॅडम फिर शुरू हो गईं," असं कुजबुजतात.

काकू गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी लगेच पुण्याला जाऊ शकले नाही, परीक्षा चालू होत्या. उन्हाळ्यात गेले. काका वाळले होते, ऐकू कमी येत होतं. काकूंच्या फोटोसमोर थोडा वेळ बसलो, चहा झाला, आणि सांत्वनाचं बोलायला म्हणून मी सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत जाऊन त्यांनी मायक्रोस्कोप आणला, खिडकीच्या उजेडात ठेवला, आणि कपाटातून वही, पेन आणि खवल्यांचं एक पाकीट काढलं. एवढंच राहिलं होतं.

"माझ्या डोळ्यांना आता एवढं बारीक दिसत नाही," काका म्हणाले. "नाहीतर मीच केलं असतं."

मी पहिला खवला काचेवर ठेवला. बाहेर रस्त्यावर कोणी भाजी विकत होतं, वर पंखा फिरत होता. भिंगाखाली रेघा हळूहळू स्पष्ट झाल्या, मी कधीच न पाहिलेल्या त्या गार पाण्यातल्या माशाच्या. चांगलं खाल्लेली वर्षं, हिवाळे, आणि मधेच ती गढूळ पाण्याची रेघ. मी ती सोडून मोजलं.

"चार," मी मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू यावं म्हणून.

काकांनी पेन टेकवलं नाही. "नक्की?" ते म्हणाले. "घाई करू नकोस. ती नसती केली."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि पहिल्यापासून मोजायला लागले.