गाऱ्हाण्यातली फवारणी

कसालला महामार्ग सुटला तशी हाना बाईंनी गाडीची काच खाली केली. जानेवारीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंब्याची कलमं मोहरली होती आणि त्या वासानं बाई खूश होत्या. त्या एका परदेशी निधीसंस्थेच्या अधिकारी. निसर्गाला धरून होणाऱ्या शेतीला पैसा द्यावा की नाही, हे गावोगाव हिंडून पाहायचं हे त्यांचं काम; माझं काम दुभाष्याचं. मी पुण्याचा, पण बायको सावंतवाडीची असल्यामुळे मालवणी मला नीट कळते. मी बोललो की ती हसते, म्हणून बोलत मात्र नाही.

आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत, वैजयंतीताईंच्या खळ्यात (अंगणात) उतरलो. समोर गरम घावणे आणि ते बुडवून खायला नारळाचा गोड रस आला. बाईंनी आधी रस पिऊन टाकला आणि मग कोरडे घावणे खाल्ले. कोणी टोकलं नाही, वाटी तेवढी पुन्हा भरली.

ताईंच्या गटातल्या बायका भाताची जुनी बियाणी जपतात, शेणा-गोमूत्राचं खत घालतात. बियाणं ठेवायला शेड हवी होती. पडवीत पावसाची ओल लागून दरवर्षी बरंचसं बियाणं फुकट जातं. शेडला निधी मिळणार होता, पण एका अटीवर. रासायनिक फवारणी यंदापासून अख्ख्या वाडीत बंद, आंब्यावरसुद्धा.

"जमेल?" मी विचारलं.

"जमतला!" सगळे एका सुरात म्हणाले. मागे उभे असलेले बागायतदारही. मला ते जरा लवकर जमल्यासारखं वाटलं, पण दुभाष्यानं नाक खुपसू नये.

निघण्याआधी देवळात नारळ ठेवायचा होता. गाऱ्हाणं घालायला ताईंचे सासरे, तात्या, पुढे झाले. इथे देवाशी मोठ्यानं बोलतात आणि मागचे होकार देतात.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पावणी लांबसून इली, तिका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी तिका फवारणी बंद म्हणान सांगलव. पण तुडतुडो इलोहा. औंदा फवारल्याशिवाय मोहर रवाचो नाय. ता आमी तिका सांगूक नाय, तुका सांगतव. चुकला माकला पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली.

"काय म्हणाले?" हाना बाईंनी विचारलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, मोहरावरच्या तुडतुड्या किडीसकट: यंदा फवारणी होणार, आणि हे तुम्हाला नाही, फक्त देवाला सांगितलंय.

"गेली माझी शेड," ताई पुटपुटल्या. "तात्यांनू, ह्या आताच बोलाचा होता?"

"मगे देवाक खोटा सांगू?" तात्या खरोखरच गोंधळले होते.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तात्यांबरोबर बागेत जाऊन मोहरावरची कीड पाहिली. "आंब्याला तीन वर्षांची सवलत द्या, असं मी लिहीन," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "पण अट मी घातलेली नाही. ठरवणारे दुसरे आहेत." मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बाईंच्या हातात कोकमांची पिशवी दिली.

पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी नकार आला. भाषा फार सभ्य होती. अट मान्य नसलेल्या गावाला या फेरीत निधी देता येत नाही. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. जी गावं नुसतं हो म्हणाली असतील, त्यांच्या शेडी उभ्या राहणार होत्या.

ताईंना फोन मीच केला. नकार वाचून दाखवला.

"तुमी तेव्हा तेवढा गाळला असतात तर?" त्यांनी विचारलं.

"शेड गावली असती," त्याच पुढे म्हणाल्या. "पण मगे पुढच्या गाऱ्हाण्यात तात्यांनी देवाक ता पण सांगला असता."