एकतीस शेतं, एक बोडी

"रामटेके मॅडम, एकच माती एकतीसदा मोजली का तुम्ही?"

बोरकर साहेबांनी रजिस्टर माझ्या टेबलावर आपटलं. मी पाहिलं. एकतीस नमुने, एकतीस नावं, आणि सामूच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सात पॉइंट चार, सात पॉइंट पाच, सात पॉइंट चार, सात पॉइंट चार. अख्ख्या वर्गाने एकाच वहीतून उतरवून काढावं तसं. मला हसू आलं. हा माझा जुना आजार आहे, नको तिथे हसू येतं. मला बघायला मुलगा आला होता तेव्हाही आलं होतं. तरी लग्न झालं, ते त्याचं नशीब.

"हसता काय? खाली सही तुमची आहे."

मी अहेरीत एका संस्थेच्या माती तपासणी लॅबमध्ये काम करते. अकरा महिन्यांचं कंत्राट असतं आणि दरवर्षी ते साहेबांच्या सहीने पुढे सरकतं. माझी फाईल नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर होती. साहेबांना वाटत होतं, मी एक नमुना तपासला आणि बाकीचे तीस आकडे खुर्चीत बसून भरले. लॅबमध्ये यापेक्षा मोठा गुन्हा नाही.

"पुढच्या सोमवारी लेखी खुलासा पाहिजे. समाधान झालं नाही तर फाईल इथेच थांबेल."

तेव्हा मात्र हसू जिरलं. माझा आठ वर्षांचा हात, आणि त्यावर खोटेपणाचा शिक्का! मला रडू यायला हवं होतं. मला राग आला.

सामू म्हणजे काय ते आधी सांगते. माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली गेली की माती आंबट, वर गेली की खारी बाजू. वाळवलेली, चाळलेली माती पाण्यात ढवळायची, अर्धा तास ठेवायची, त्यात मीटरची कांडी बुडवायची. काम सोपं आहे, म्हणूनच चोरी करायलाही सोपं आहे.

पहिला संशय मीटरवर. आमच्याकडे बफर नावाची द्रावणं असतात, त्यांचा सामू आधीच माहीत असतो. त्यात कांडी बुडवली. मीटर बरोबर. मग लॅबच्या मागच्या अंगणातली लाल माती घेतली. पाच पॉइंट नऊ. मीटर शहाणा होता. साहेबांना खुर्ची देऊन समोर बसवलं आणि एकतीस नमुन्यांपैकी कुठलेही सहा त्यांनाच निवडायला लावले. सहाही वेळा सात पॉइंट चार-पाच. साहेबांची मान थोडी खाली आली, पण थोडीच.

मग मी चाळणीवर उरलेला कचरा पाहिला. एरवी तो आपण फेकून देतो. त्यात पांढरे, नखाएवढे तुकडे होते. पातळ आम्लाचा थेंब टाकला, तर तुकडा सोडा वॉटरसारखा फसफसला. शिंपला! पाण्यात राहणाऱ्या बारीक जिवांचे शिंपले. दुसऱ्या नमुन्यात तेच, तिसऱ्यातही तेच. दहाव्या पिशवीत तर एक सुकलेलं मोहफूल निघालं. साहेबांनी ते चिमटीत धरून वास घेतला.

"मॅडम, लॅबमध्ये हे काय चालतं?"

मी तोंडाला रुमाल लावला. खोकल्याचं नाटक केलं. बरं जमलं नाही.

हे नमुने आले होते एका गावच्या शाळेतून. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून चहा मिळतो. मडावी सर तिथे भूगोल शिकवतात. आठवीचा मातीचा धडा आला तेव्हा त्यांनी वर्गातल्या तीस मुलांना सांगितलं, घरच्या शेतातली अर्धा अर्धा किलो माती आणा. एकतिसावी पिशवी शाळेच्या परसबागेची, ती सरांनी स्वतः भरली. कल्पना फार चांगली होती. एकच चूक झाली. सर म्हणाले होते, "निकाल आला की वर्गात वाचून दाखवू."

बुधवारी सकाळची बस पकडून गेले. एप्रिल असल्याने शाळा सकाळची होती. सर हवा आणि हवामान शिकवत होते, म्हणून मी दारातच थांबले.

"आज आपल्या गावची तानाबाई चिडली, ही झाली हवा," सर म्हणत होते. "आजच्यापुरती. उद्या वेगळी असू शकते. आता तानाबाई बाराही महिने, वर्षानुवर्षं चिडकीच आहे, हे झालं हवामान. समजलं?"

"समजलं!" वर्ग ओरडला. मला आजवर कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. बोरकर साहेबांची सध्या फक्त हवा खराब आहे, हवामान बरं आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि आत गेले.

सोबत नेलेल्या नमुन्याच्या एका पिशवीतला शिंपला काढून टेबलावर ठेवला. "मुलांनो, हा शिंपला तुमच्या सगळ्यांच्या शेतात कसा आला?"

तीस माना खाली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या तोंडून फुस्स आवाज आला. तिने ओठ दाबले, गाल फुगवले, आणि माझ्याकडे पाहिलं. तिथेच घात झाला. मी हसले. मग ती हसली. मग कोणालाच आवरेना.

"मॅडम, मह्या मायनं बोडीतून आनली," ती हसत हसत म्हणाली. "मोहाच्या टोपल्यात, फुलाइच्या खाली लपवून!"

"आमच्याबी मायनं!" मागून कोणी तरी ओरडलं.

"आमच्या आजीनंबी!"

"अबे, तुमच्यानंबी? मले वाटलं आमीच आनली!"

बोडी म्हणजे गावाजवळचं छोटं तळं. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव असतं, धानाला पाणी देतं, मासळी देतं. उन्हाळ्यात काठ उघडा पडतो आणि खाली काळाभोर, लोण्यासारखा गाळ दिसतो. मोहफुलांच्या दिवसांत अख्खं गाव पहाटे फुलं वेचायला रानात जातं आणि बोडीवरून परत येतं. आपल्या वरच्या शेतातली लाल, मुरमाड माती परीक्षेला पाठवायची कोणाच्याही जिवावर आली असती. म्हणून प्रत्येक घराने गुपचूप, एकट्याने, कोणी बघत नाही असं पाहून, त्याच एका बोडीतला गाळ उचलला होता. तीस घरं, एक गुपित. एकमेकांना कोणी चकार शब्द सांगितला नव्हता.

मडावी सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पण माझा नमुना खरा आहे, मॅडम. शाळेच्या परसबागेतूनच घेतला मी."

"सर, शिंपले तुमच्याही पिशवीत आहेत."

पोरांनी बाकं बडवली. सरांचे कान लाल झाले. "शपथेवर सांगतो," ते म्हणत राहिले, पण त्या गोंधळात कोण ऐकणार?

एवढ्यात आवाज ऐकून तानाबाई आल्या. शाळा समितीच्या अध्यक्ष, सत्तरीच्या आत-बाहेर, चालताना जमीन दबेल अशा. त्यांच्या नातीची पिशवी माझ्या हातात होती.

"काऊन हासून राह्यले सारे?"

मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला.

"मंग? काय चुकलं? तुमी निकाल वाचून दाखवनार. उद्या आमच्या पोरीले पाहाले सोयरे येतीन आन म्हनतीन, याइची माती तं नापास हाये. पोरगी उजवाची हाये का नाई आमाले?"

"तानाबाई, मातीला नापास करत नाहीत. औषध कुठलं द्यायचं ते कळतं फक्त."

"आन मले सांगा बाई, बोडीतली माती कोनाची हाये?" त्या थांबल्याच नाहीत. "पावसात वरच्या वावरातून वाहून कोनाची येते? आमचीच ना? पावसानं नेली, आमी परत आनली. आमच्या वावराची नाई तं काय बोरकर साहेबाच्या वावराची हाये?"

साहेबांचं नाव त्यांना कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही. पण मी आठ वर्षं मातीत काम करते आणि मला मान डोलवावी लागली. कारण त्या बरोबर होत्या. उतारावरची सुपीक माती पावसाने वाहते आणि सखल भागात साचते. पुस्तकात याला मृदेची धूप म्हणतात. मडावी सरांनी तर खडू उचलून फळ्यावर तेच लिहायला सुरुवात केली. मी बाकावर बसून पोट धरलं. डोळ्यांतून पाणी आलं. तानाबाईंनी आधी रागाने पाहिलं, मग त्याही हसल्या, आणि त्यांचं हसू सगळ्यांत मोठं होतं.

डोळे पुसल्यावर मात्र मला सोमवार आठवला. "बाई, माझी नोकरी जाईल," मी सरळ सांगितलं. "साहेब म्हणतात, मी बसल्या बसल्या आकडे लिहिले."

तानाबाईंचं हसू गेलं. "तुमी? आमच्या गुनानं?" त्यांनी नातीला बाहेर पिटाळलं. "जा, साऱ्याइले सांग कुदळ घेऊन या म्हनून. मॅडमची नोकरी जाऊन राह्यली."

मग दोन दिवस जी वरात निघाली ती काय सांगू! पुढे मी, मागे सर, त्यांच्या मागे वर्ग आणि वर्गामागे अर्धं गाव. प्रत्येक शेतात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. झाडाखालची माती घ्यायची नाही, खताच्या ढिगाजवळची नाही. "बोडीतली तं नाईच नाई," तानाबाई प्रत्येक बांधावर ओरडायच्या. सर मुलांना दाखवत होते, वर लाल माती, कारण त्यातलं लोह गंजल्यासारखं होतं. मधे पिवळसर, आणि खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, काळी. एका उतारावर अख्खा धडा उघडा पडला होता. कोणाचंही शेत झाकलेलं राहिलं नाही, त्यामुळे लाजायलाही कोणी उरलं नाही.

उन्हाळ्यात सावलीतही माती झटपट वाळते. शनिवार-रविवार मी लॅबमध्ये एकटी बसून आधी शेतांचे तीस नमुने तपासले. पाच पॉइंट सहापासून सात पॉइंट एकपर्यंत, प्रत्येक शेताचा सूर वेगळा. मला नाचावंसं वाटत होतं. सगळ्यांत आंबट माती तानाबाईंची निघाली. नंतर त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आंबट हाये तं हाये. चुना टाकू, उतरन आंबटपना. आंबट मानसाले कोन चुना टाकते?"

शेवटी एकतिसावा नमुना, शाळेच्या परसबागेचा. तो मी स्वतः, माझ्या हाताने, खड्डा करून घेतला होता. कांडी बुडवली. सात पॉइंट चार. चाळणीवर शिंपले.

मी सरांना फोन लावला. सरांनाही कोडं पडलं. ते त्या शाळेत बदलून आले त्याला वर्षच झालं होतं. त्यांनी तानाबाईंना विचारलं आणि पाच मिनिटांनी मला परत फोन केला. आवाज रडवेला होता की हसरा, कळेना.

"मॅडम, परसबागेत मी यायच्या आधी तानाबाईंनीच बोडीचा गाळ टाकला होता. बैलगाड्या भरून."

"मग त्या दिवशी बोलल्या का नाहीत?"

"विचारलं मी. म्हणाल्या, सारे हासून राह्यले होते, मी काऊन मधात बोलू?"

सोमवारी खुलासा दिला. "पहिल्या खेपेचे तीस नमुने गावच्या बोडीतले आहेत, ते रद्द करावेत. कारण गावाची इभ्रत. एकतिसावा नमुनाही बोडीचाच गाळ आहे, पण तो खरा आहे. तो कायम ठेवावा." सोबत नव्या वाचनांचा तक्ता जोडला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी चष्मा काढला, तोंड भिंतीकडे केलं आणि रुमालाने डोळे पुसले. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचंही काही खरं नव्हतं.

"एकतीस आकडे सारखे," ते शेवटी म्हणाले, "आणि त्यातला एकच माणूस खरं बोलत होता. त्याच्यावरच हसले सगळे?"

"मीसुद्धा, साहेब."

त्यांनी फाईल ओढली आणि सही केली. खाली लाल पेनाने अट लिहिली, नमुने रामटेके मॅडम स्वतः शेतात जाऊन घेतील. तेव्हापासून मी वर्षातले तीन महिने ऊन खात बांधांवर फिरते. मीटर बरोबर असला म्हणजे काम संपत नाही, माती कुठून उचलली ते तिथे उभं राहून पाहावं लागतं. आणि पुढच्या वर्षी मडावी सरांना मी एवढंच सांगितलं, धडा खुशाल शिकवा, पण घरी निकाल हा शब्द जाऊ देऊ नका.