जळलं ते जड झालं

इरा आणि निखिल, तुम्ही पाठवलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा मी शास्त्रोक्त पद्धतीने जाळला आहे.

झालं असं. शेजारच्या पार्वताबाईंना मी सहज सांगितलं, लोखंड जळालं की त्याचं वजन वाढतं. (तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईचं ‘सहज’ शेजाऱ्यांना महागात पडतं.)

“काऊन थट्टा करता, मॅडम? मोळीभर लाकडं जाळली तं मूठभर राख उरते. जळलं का हलकंच होते!”

“लाकडाचा धूर होऊन उडून जातो, बाई. लोखंड उलट हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतं.”

“हवेले वजन असते?”

“असतं!”

“मंग फुगलेली पुरी भारी काऊन नाई लागत?”

मला उत्तर सुचलं, पण दोन मिनिटांनी. तोवर साऱ्या गल्लीसमोर पैज लागली होती! हरेल तिने सगळ्यांना रोडग्यांचं जेवण घालायचं. रोडग्यांचं काही नव्हतं हो. पण मी हरले असते, तर गल्लीतल्या माझ्या तीन माजी विद्यार्थिनी जुन्या पेपरांचे मार्क वाढवून मागायला आल्या असत्या!

सुताराकडून लाकूड घासायचा बारीक लोखंडी तारांचा गोळा आणला. काट्यावर स्टीलची ताटली, ताटलीत गोळा. दहा ग्रॅम! काडी लावली. तारा लाल होऊन सरसर पेटत गेल्या. इतक्यात तुमचे आजोबा आत आले आणि “किती उकडतंय!” म्हणत त्यांनी पंखा लावला.

ठिणग्या घरभर! आजोबांच्या बनियनला चार भोकं पडली आणि काटा आला सातावर.

“पाहा, हलकं झालं!” पार्वताबाई ओरडल्या.

“ते उडालं, बाई! पुन्हा करू!”

आजोबांना अंगणात काढलं. पंखा बंद, खिडक्या बंद, नवा गोळा, पुन्हा दहा ग्रॅम. मी श्वाससुद्धा रोखला. दहा... दहा... अकरा!

“अकरा! बघा, बघा!”

“थांबा ना, मले चष्मा तं लावू द्या!”

चष्मा लागला, तेव्हा काट्याचा आकडे दाखवणारा पडदा काळा पडला होता आणि काटा तापलेल्या ताटलीखाली पापडासारखा वाकत होता. ताटलीखाली फरशीचा तुकडा ठेवायचा असतो. हे मी मुलांना दर वर्षी बजावत असे.

“अकरा कुठी आहे?” पार्वताबाईंनी विचारलं.

पुरावा जळला, पैज हरले. रविवारी देवळामागे गोवऱ्या पेटवून, कणकेचे गोळे मी स्वतःच्या हाताने विस्तवात भाजले. पार्वताबाईंनी पहिला रोडगा उचलला, तळहातावर तोलला, फोडायला दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला.

“मॅडम,” त्या हात जोडून म्हणाल्या, “तुमचंच खरं आहे. आगीत घातलं का वजन वाढते!”

पैज मी जिंकले. जेवायला मात्र सगळे आपापल्या घरी गेले.